गज किती बाहेर राहिला?

देवगड तालुक्यात आमचं घर आहे, खाडीपासून चालत दहा मिनिटांवर. माजघराच्या भिंतीला दोन जुन्या खुंट्या आहेत, त्यावर सध्या छत्र्या लटकतात. पूर्वी तिथे आजोबांची ठासणीची बंदूक असायची, शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची. निवडणूक आली, आचारसंहिता लागली की पोलीस स्टेशनला जमा करायची, निकाल लागला की आणायची, खरं सांगायचं तर तिने उडवलेल्या बारांपेक्षा तिच्या या फेऱ्याच जास्त झाल्या असतील. आजोबा गेल्यावर परवाना कोणी नावावर करून घेतला नाही, बंदूक जमा झाली ती झालीच. गज, म्हणजे नळीत बार ठासायची लांब सळई, तेवढा माळ्यावर राहिला. का राहिला देव जाणे, बहुतेक न्यायला विसरले.

हा गज आठवायचं कारण म्हणजे पेन्सिल्व्हेनियातला माझा आतेभाऊ. आम्ही त्याला दादाच म्हणतो. गेल्या वर्षी ऑक्टोबरात त्याच्याकडे महिनाभर होतो, आणि पहिल्याच शनिवारी चहा झाल्यावर तो म्हणाला, चल खाली, तुला गंमत दाखवतो. मला वाटलं होम थिएटर वगैरे असेल. खाली बेसमेंटमध्ये बघतो तर एक लाकडी बाक, त्यावर तरफेचं एक यंत्र, सोनाराच्या काट्यासारखा काटा, आणि पितळेच्या रिकाम्या पुंगळ्या ओळीने उभ्या, रविवारी देवघरात घासून ठेवलेल्या समयांसारख्या. हा माणूस घरी काडतुसं भरतो. तिकडे स्वतःच्या वापरापुरती भरायला परवाना लागत नाही. आपल्याकडे हे चालत नाही हं, १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा सरळ गुन्हा आहे, त्यामुळे इथे मापं-बिपं काही लिहिणार नाही आणि कोणी विचारू पण नका.

त्याच्याकडे थर्टी-ऑट-सिक्सची रायफल आहे. १९०६ साली अमेरिकन लष्कराने घेतलेलं काडतूस, म्हणून नावातच साल. पूर्ण भरलेलं काडतूस असलं तर गोळी सेकंदाला साडेआठशे मीटरच्या आसपास जाते, खांद्याला दणका बसतो, आवाजाने कान बसतात आणि हरणाच्या शिकारीला ते ठीक आहे, पण शनिवारी दुपारी पन्नास मीटरवरच्या कागदावर नेम धरायला कशाला हवा एवढा थाट? मग दादा काय करतो तर तांब्याच्या कवचाची विकतची गोळी घेत नाही, स्वतः शिशाची ओततो, आणि पुंगळीत रायफलच्या दारूऐवजी पिस्तुलाची झटकन जळणारी दारू अगदी थोडी घालतो. वेग येतो निम्म्याच्या आसपास. आवाज असा की शेजारच्या बाकावरचा म्हातारा वळून बघतो, हे काय फुसकं! पण कागदावर भोकं मात्र एकाला एक चिकटून.

शिशाचं म्हणाल तर त्यात मला नवीन काही नव्हतं. मामाकडे पाग होतं, खाडीत फेकायचं गोल जाळं, त्याच्या काठाला शिसं लावलेलं असतं म्हणून ते पाण्यात पडल्या पडल्या तळाला बसतं. पावसात मामा पडवीत चुलीवर लोखंडी पळीत शिसं वितळवायचा, लाकडात कोरलेल्या खाचेत ओतायचा, आणि कांडी थंड झाली की तुकडे करून दोरीवर ठोकून बसवायचा. शिसं ३२७ डिग्रीला वितळतं, चुलीच्या निखाऱ्याला ते काहीच नाही. एकदा पागोळीचं पाणी वाऱ्याने उडून पळीत पडलं. एक थेंबच असेल. पण त्या थेंबाची क्षणात वाफ झाली आणि शिसं फाटकन उडालं, मामाच्या मनगटावर चार डाग अजून आहेत, गोंदवल्यासारखे. दादाला ही गोष्ट सांगितली तर त्याने भिंतीवर खिळ्याला लावलेला चामड्याचा हातमोजा आणि चष्मा दाखवला, म्हणाला इथे कोपराच्या अंतरात पाण्याचा ग्लास पण आणायचा नाही. वहिनीचा वेगळाच नियम, त्या कामाचा शर्ट वर आणायचा नाही आणि हात कोपरापर्यंत धुतल्याशिवाय फ्रीजला हात नाही, कारण शिसं अंगात गेलं की सहजी बाहेर निघत नाही. वहिनीपुढे दादाचं काही चालत नाही ते बरंच आहे.

नुसतं शिसं मात्र गोळीला फार मऊ. नळीच्या आतल्या आट्यांवर पुसलं जातं, थर बसतो, मग नेम बिघडतो आणि तासभर घासत बसा. म्हणून त्यात अँटिमनी नावाचा धातू हवा कडकपणाला, आणि थोडं कथील, तेच आपल्या कल्हईवाल्याचं, साच्याच्या कानाकोपऱ्यात रस नीट भरावा म्हणून. गाड्यांच्या चाकाला बॅलन्सिंगसाठी लावतात ती जुनी शिशाची वजनं दादा वर्षानुवर्षं गोळा करून ठेवतो, त्यात अँटिमनी आयतंच असतं. साचा थंड असला की गोळीवर सुरकुत्या पडतात, फार तापला की वर पांढरट भुरा येतो. पहिल्या दहा-पंधरा गोळ्या तो बघतही नाही, सरळ परत भांड्यात. (आई पहिला घावणा असाच बाजूला टाकते. तवा अजून लागला नाही म्हणते.) मग गोळीच्या खाचांत मेणाचं वंगण, ते पण मधमाशीच्या मेणाचं.

आता दारूकडे येतो, कारण खरी मेख तिथे आहे.

मी विचारलं, थोडाच बार हवा तर रायफलचीच दारू कमी घाल की. तो म्हणाला नाही जमत. रायफलची दारू सावकाश जळणारी असते, ती भरपूर असली आणि पुढे जड गोळी अडून बसलेली असली तरच नीट पेटते. ती थोडी घातली तर दाब धड तयार होत नाही, अर्धी न जळता नळीत पडते, एखाद्या वेळी गोळी नळीतच अडकते. याउलट पिस्तुलाची दारू आखूड नळीसाठी बनवलेली, घातली तेवढी जागच्या जागी पटकन जळून मोकळी होते, आजूबाजूला रिकामी जागा असली तरी तिला फारसं काही नाही. आणि पुरते किती! एका पौंडात ७,००० ग्रेन. पूर्ण बाराला पन्नासेक ग्रेन लागतात म्हणजे १४० काडतुसं, आणि याला लागते साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे तोच पौंड सातशेला जातो. दादा आयटीत कितीही कमवत असला तरी मूळ कोकणी, हा हिशोब सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी ओळखलं, आमच्याकडे आत्या एका नारळात दोन वेळची आमटी काढते तेव्हा असंच असतं.

पण पाचवा हिस्साच भरला म्हणजे बाकी पुंगळी रिकामी. आडवी धरली की दारू एका बाजूला पसरते, कधी केपेकडे (पुंगळीच्या बुडाशी असते ती, दारू पेटवणारी टिकली), कधी गोळीकडे, आणि त्याने वेग थोडा मागेपुढे होतो. म्हणून प्रत्येक बाराआधी दादा नळी आभाळाकडे करून मग हळूच खाली आणतो, दारू मागे केपेपाशी बसावी म्हणून. काही लोक वर कपोकचं बोंड घालतात दारू जागेवर राहायला, कपोक म्हणजे आपल्या सावरीच्या कापसाचा भाऊबंद. दादा नाही घालत, त्यावरून तिकडे म्हणे मोठे वाद आहेत. मी म्हटलं आजोबा काथ्या घालायचे, सोडणाचा, आणि कोणाशी वाद नाही घालायचे. दादा हसला. केपेला तिकडे प्रायमर म्हणतात पण मी केपच म्हणत होतो आणि दोन दिवसांत तोही केप म्हणायला लागला.

आणि आता ती भीतीची गोष्ट. पूर्ण बाराचं काडतूस असतं तेव्हा चुकून दोनदा दारू घातली तर ती तोंडातून उतू जाऊन बाकावर सांडते, चूक आपोआप दिसते. इथे पुंगळी एवढी रिकामी की दोनदा घातली तरी उतू जात नाही. वर गोळी बसवली की दिसायला सगळी काडतुसं सारखी. आणि झटकन जळणाऱ्या दारूचं दुप्पट माप म्हणजे दाब दुप्पट होऊन थांबत नाही, त्याच्या कितीतरी वर जातो, रायफल फुटू शकते, आणि रायफल फुटते तेव्हा तिच्यापासून चार बोटांवर आपला डोळा असतो. म्हणून फुगीर कणांची दारू लोक पसंत करतात, जी तेवढ्याच वजनात जास्त जागा अडवते. ट्रेल बॉस नावाची एक होती त्यासाठीच बनवलेली, तिचे कण मध्ये भोक असलेले, अगदी मेदूवडे, बोटाच्या टोकावर मावतील एवढे. दादाने जपून ठेवलेल्या डबीतून चिमूटभर काढून दाखवली.

दादाकडून उलट चूक झालेली आहे, ती त्याने वहिनी वर गेल्यावर सांगितली. एका पुंगळीत दारू पडलीच नाही. भरताना मध्येच फोन आला, फोन ठेवून परत सुरू केलं. रेंजवर चाप ओढला तर नुसतं फुस्स. एकट्या केपेच्या जोरावर शिशाची गोळी नळीत दोन-तीन इंच सरकली आणि तिथेच बसली. कागदावर भोक नाही. तो म्हणाला, त्या वेळी मी पुढची घालून चाप ओढला असता ना, तर संपलं होतं. बोल्ट काढला, मागून बघितलं तर उजेड नाही. काठी घालून ठोकून काढली गोळी, आणि उरलेली सगळी काडतुसं घरी आणून एकेक फोडून बघितली.

तर पुढच्या आठवड्यात तो मला गेटिसबर्गला घेऊन गेला, दोनेक तासांवर आहे त्याच्याकडून. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६३ च्या जुलैत, तीन दिवस लढाई झाली ते रान. तिकडची एक गोष्ट सांगतात की लढाईनंतर मैदानातून २७,००० च्या वर ठासणीच्या बंदुका गोळा केल्या, त्यातल्या जवळजवळ २४,००० भरलेल्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्यांत एकावर एक दोन बार ठासलेले, काहींत तर तीन ते दहा. म्हणजे गोंगाटात, धुरात, आपला बार उडालाच नाही हे त्या पोरांना कळलंच नाही, ते बिचारे ठासत राहिले. दादा माहिती देत होता आणि मला मध्येच आजोबांचा आवाज ऐकू आला, "भरलेली असा काय नाय ता बघलंस काय आधी?"

आमच्या घरात हे झालेलं आहे. माकडांना हाकलायला काकाने बार भरला, छर्रा नाही, नुसती दारू आणि काथ्या, आवाजापुरता. तोपर्यंत माकडं पळाली, काकाने बंदूक तशीच खुंटीला लावली आणि मुंबईची गाडी पकडली. तीन दिवसांनी परत माकडं कलमावर, आंबा तयार व्हायला आलेला, घाईघाईत आजोबांनी वरून दुसरा भरला. बारानंतर अंगणात जो धूर झाला त्यात आजोबा दिसेचनात, मग दिसले ते बसलेले, खांदा धरून. काळी दारू होती आणि पुढे छर्रा नव्हता म्हणून नळी टिकली, त्यात कोणी ती नवी बिनधुराची दारू घातली असती तर आजोबाही राहिले नसते आणि पडवीही. त्यानंतर काकाला मुंबईला जे पत्र गेलं ते काकाने कोणाला वाचायला दिलं नाही. आणि त्या दिवशी आजोबांनी कोयतीने गजावर एक खाच पाडली. रिकाम्या नळीत गज सोडला की खाच बरोबर तोंडाशी. बार भरलेला असला की खाच चार बोटं वर. लहानपणी आम्हाला बंदुकीला हात लावायची बंदी होती, पण गज सोडून खाच कुठे आहे ते ओरडून सांगायचं काम आमचं. "खाच वर!" किंवा "खाच तोंडाशी!"

परतीच्या गाडीत मी हे दादाला सांगितलं. तो आठ वर्षांचा असताना तिकडे गेला, त्याला खाच आठवत नव्हती. काही बोलला नाही. घरी आल्यावर किचनमध्ये गेला आणि वहिनीने देवगडहून नेलेल्या खराट्यातला एक हीर उपसला, वहिनी ओरडली, अरे तो मी अंगणासाठी आणलाय! खाली नेऊन त्याने हीर ताठ बघून वीतभर कापला, एका योग्य भरलेल्या पुंगळीत दारूला टेकेपर्यंत उभा सोडला, आणि तोंडाशी ब्लेडने बारीक खाच केली. मग मुद्दाम एका पुंगळीत दोनदा दारू घातली. हीर सोडला, खाच दीडेक सेंटीमीटर वर. ती ओतून टाकली. मग रिकाम्या पुंगळीत सोडला, खाच आत गायब.

त्या दिवशी पन्नास पुंगळ्या भरायच्या होत्या. टॉर्च मारून तो आधीपासून बघायचाच, त्या दिवशी टॉर्च पण मारला आणि हीर पण घातला, एकेकीत. तो घालत गेला आणि मी बाजूला स्टुलावर बसून सांगत गेलो. तोंडाशी. तोंडाशी. तोंडाशी. सव्विसाव्याला वहिनीने वरून जेवायला हाक मारली, आणि दादा म्हणाला थांब, हे संपू दे, मध्ये उठायचं नाही.