मंगळवारच्या संध्याकाळचा सडा

दापोलीहून मुरूडला उतरायला मला अर्धा तास लागला आणि परत वर यायला पावणेदोन. उतरताना पाखाडीच्या पायऱ्यांवरून सायकल अशी खडखडली की दात वाजले. चढताना तीच सायकल खांद्यावर. अर्ध्या वाटेत गोठ्यापाशी शेण भरणाऱ्या एका आजींनी विचारलं, "मोडली काय रे?"

"नाही आजी, चांगली आहे."

"मग उचलून का नेतोस?"

या प्रश्नाचं धड उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

दिवाळी संपल्या संपल्या गाडीची मागची सीट आडवी करून त्यात सायकल घातली आणि ताम्हिणी उतरून कोकणात आलो, तो समुद्र बघायला नव्हे. आम्हाला पुणं सोडायचंय. बायको आणि मी दोघंही घरूनच काम करतो, मग पुण्यातच का राहायचं हा प्रश्न दोन वर्षं चहाबरोबर रोज निघतो. तिच्या अटी तीन: रेल्वे स्टेशन रिक्षाने गाठता यावं, बरा दवाखाना असावा, नेट चालावं. माझी अट एकच, पण ती सांगितली की लोक हसतात. मंगळवारी साडेचारला लॅपटॉप मिटला, तर अंधार पडायच्या आत मला दोन तास मातीत सायकल मारता आली पाहिजे. रविवारचं मी बघून घेईन. रविवारी माणूस कुठूनही कुठेही जातो. सायकलसाठी गाव निवडायचं तर ते मंगळवारी तपासावं, असं माझं मत आहे, आणि पुण्यात टेकडी गाठेपर्यंतच ट्रॅफिकमध्ये मंगळवार संपतो.

दापोलीवर मी भाळून गेलो होतो. गाव उंचावर आहे, हवा सुखाची, कृषी विद्यापीठामुळे झाडी राखलेली, आणि सायकल चालवणारे लोकही बरेच. पण गाव असं वर बसलेलं की त्याच्या बहुतेक वाटा समुद्राकडे घरंगळतात. मुरूड, कर्दे, लाडघर, हर्णै, कुठेही उतरा, दमल्यावर चढ वाट बघत असतो. माउंटन बायकिंगमध्ये आधी चढावं आणि घरी येताना उतरावं हा साधा न्याय आहे. दापोलीत तो उलटा. शिवाय स्टेशन खेडला, म्हणजे रिक्षाची अट बाद. दोन रात्री राहून, मासे खाऊन, दाभोळच्या फेरीबोटीतून गाडी पलीकडे धोपाव्याला नेली आणि गुहागरमार्गे चिपळूण गाठलं.

नकाशावर बघताना चिपळूणच पहिलं येणार असं मी धरून चाललो होतो. पूर्वेला सह्याद्री, मधून कुंभार्ली घाट, खाली वाशिष्ठी, स्टेशन गावाला लागून. प्रत्यक्षात सह्याद्रीची कोकणाकडची बाजू ही चढण नाहीच, ती भिंत आहे. जुन्या घाटवाटा माणसांच्या आणि बैलांच्या पायांसाठी पाडलेल्या. सुटे धोंडे, कोरलेल्या पायऱ्या, वळणं इतकी आखूड की माझी एकोणतीस इंची चाकं त्यात मावत नाहीत. वर पोचलात तरी कोयनेच्या बाजूला जंगल राखीव आहे, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचं. तिथे परवानगीशिवाय शिरायचं नसतं, आणि शिरूही नये. राहता राहिला डांबरी घाट, पण ट्रकच्या मागे धूर खात चढायचं तर पुणं काय वाईट होतं?

एक घर बघितलं. स्वस्त, ऐसपैस, मागे फणस. मालकांनी तळमजल्याच्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्याही वर, हात टेकवून दाखवला. "इथवर. बावीस जुलै, एकवीस साल." भिंतीला नवा रंग होता, तरी त्यांचा हात बरोबर त्या रेषेवर गेला. मी भाडं विचारलंच नाही.

सावंतवाडीला मात्र मन रमलं. सकाळी मोती तलावाला फेरी मारायची आणि पाठीमागे नरेंद्र डोंगर. झाडीतल्या पायवाटा, पानांचा थर, वळणावळणाची माती. दहा दिवसांतली सगळ्यात सुंदर राईड मला तिथेच मिळाली. एक दिवस आंबोलीला चढलो, तीसेक किलोमीटर, वर जवळजवळ सातशे मीटर. धबधबे आटत आलेले, त्यामुळे घाट रिकामा. उतरताना मुख्य रस्ता सोडून एका पाणंदीत घुसलो तर शेवटी एका घराच्या अंगणातच निघालो. अंगणात सुपारी वाळत घातलेली. त्यावरून सायकल जाऊ नये म्हणून असा करकचून ब्रेक मारला की मीच सुपारीत. घरधनी बाहेर आले. "खंय चल्लंस रे?" मी वाट विचारली. "ही वाट आमच्या मागल्या दारात जाता. थंयसून फुडे खंय नाय." मग चहा. सुपाऱ्या मी परत पसरून दिल्या, त्यांनी त्या माझ्यामागे पुन्हा नीट पसरल्या.

तरीही सावंतवाडी का नाही? संध्याकाळी झाडीत अंधार बाहेरच्यापेक्षा अर्धा तास आधी उतरतो, आणि आंबोलीच्या बाजूला गव्यांचा वावर. अंधारात वळणावर गवा समोर येणं हे मला यूट्यूबवर बघायला आवडतं, तेवढंच पुरे. चहा देणाऱ्या त्या गृहस्थांनी आणखी एक सांगितलं. पावसाळ्यात त्या वाटेवर जळवा इतक्या की गुरंसुद्धा नको म्हणतात. आंबोलीचा पाऊस महाराष्ट्रातल्या सगळ्यात जास्त पावसांपैकी. म्हणजे चार महिने डोंगर बंद.

रत्नागिरीत फक्त एक रात्र काढून पुढे जायचा बेत होता, तिथेच चार दिवस गेले. त्याचं कारण सडा.

ज्यांनी सडा फक्त गाडीच्या काचेतून पाहिलाय त्यांना तो ओसाड माळ वाटतो. जांभ्या दगडाचं पठार, वर बोटभर माती, नोव्हेंबरात गुडघाभर वाळलेलं गवत. सायकलखाली तो वेगळाच प्राणी आहे. जांभा जाळीदार असतो, जुन्या स्पंजसारखा, आणि कोरडा असताना टायर असा धरतो की पॉलिशपेपरवर चालवतोय असं वाटावं. पंधरा अंशांच्या तिरक्या कातळावर सायकल सरळ चढते. उतारावर ब्रेक दाबला की ती तिथेच थांबते, घसरत नाही. मधेच गवतात लपलेले खड्डे आणि चिरेखाणीच्या कडा, तिथे एका क्षणात सगळं संपू शकतं. पुण्यात मी टायरमध्ये बावीस पीएसआय हवा ठेवायचो. इथे पहिल्याच संध्याकाळी रिम दोनदा दगडावर आपटली, तेव्हा अठ्ठावीसवर गेलो. आणि पडलो तो असा, की जांभ्यावर पडणं म्हणजे किसणीवर खोबरं घासणं. गुडघ्याचं खोबरं.

त्याच पडण्यात मागचा डिरेलर, म्हणजे चेन गिअरवरून गिअरवर सरकवणारा भाग, आत वाकला. तो ज्या पट्टीला लटकतो तो हँगर मऊ धातूचा असतो, फ्रेम वाचावी म्हणून तोच आधी वाकतो, हे ठाऊक होतं, पण सुटा हँगर पुण्याच्या घरी ड्रॉवरमध्ये. बाजारातल्या एका सायकलवाल्याकडे ढकलत नेली. दुकानात लहान मुलांच्या सायकली टांगलेल्या, काउंटरवर उदबत्ती. मी मनात म्हटलं, झालं. त्याने डिरेलर सोडवला, दुसऱ्या एका गिअरच्या सायकलचं मागचं चाक आणलं, त्याचा अॅक्सल माझ्या हँगरच्या आट्यांत फिरवून बसवला. आता दोन चाकं शेजारी शेजारी. बाहेरच्या चाकाला हळूच ओढत, दोन रिममधलं अंतर वर, खाली, पुढे, मागे बोटाने मोजत त्याने हँगर सरळ केला. ना गेज, ना मोबाईलवरचा व्हिडिओ. नव्वद रुपये. या मेकॅनिकमुळे रत्नागिरीला माझ्या वहीत दोन गुण जास्त मिळाले, हे मान्य करतो.

सडा रिकामा दिसला तरी कुणाचा नाही असं नसतं. एकेका तुकड्याचे पंधरा-पंधरा वारसदार, त्यातले निम्मे मुंबईला. गुरं चरतात, गडग्यापलीकडे, म्हणजे रचलेल्या दगडी कुंपणापलीकडे, कलमांच्या बागा, तिथे राखणीला असलेली नेपाळी माणसं आणि त्यांची कुत्री. कुत्र्यांनी मला एक चढ असा चढवला की तो माझा तिथला सर्वांत वेगवान चढ आहे. गडग्याच्या दगडांत फुरसं असतं, म्हणून सायकल गडग्याला टेकवायची नाही आणि बसायचं तर मोकळ्या कातळावर, हे पहिल्याच दिवशी एका गुराख्याने बजावलं.

आणि कातळशिल्पं. उक्षीला गेलो तेव्हा सायकल रस्त्यावरच ठेवली. कातळात कोरलेला हत्ती, भोवती गावकऱ्यांनी बांधलेला जांभ्याचा गडगा. कोकणातल्या अशा 9 जागा 2022मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेल्या, त्यातली ही एक, आणि त्यातल्या 8 आपल्या महाराष्ट्रातल्या. पण शेतांत, चिऱ्यांच्या खाणींशेजारी, गवताखाली न दिसणारी किती असतील? जांभ्यावरची ती खोबण बोटभर खोल असते, संध्याकाळच्या तिरप्या उन्हातच नीट उठते. तेव्हापासून मी सड्यावर मळलेली वाट सोडत नाही. नवी ट्रेल पाडायची हौस पुण्यात ठेवून यायची.

चौथा दिवस मंगळवार होता. कुवारबावच्या बाजूला एक घर बघितलं होतं, दोन खोल्या आणि पडवी, मागच्या दारातून बाहेर पडलं की थेट कातळ. मुद्दाम पडवीत बसून काम केलं, नेट एकदाच गेलं. साडेचारला लॅपटॉप मिटला. चार चाळीसला मी सड्यावर होतो. सहाला सूर्य बुडाला तेव्हा अठरा किलोमीटर झाले होते, एकदाही डांबराला चाक लागलं नव्हतं. सावंतवाडीच्या डोंगरापुढे हे काहीच नाही, वळणं नाहीत, सावली नाही. पण मंगळवार होता.

घरमालक काका मात्र अनामत घ्यायला तयार होईनात. "नोव्हेंबरात सगळ्यांनाच कोकण आवडतं. जुलैत या, आठ दिवस राहा, मग बोला. तेव्हा याच कातळावर शेवाळ असतं, चालताना आम्ही पडतो." बायकोला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, काका शहाणे दिसतात. जुलैच्या तिकिटांची चौकशी तिनेच केली.

परवा काकांना सहज फोन केला, घर गेलं तर नाही ना म्हणून. नव्हतं गेलं. घरामागे कुणीतरी वणवा लावला होता म्हणाले, गडग्यापर्यंत आला, तिथे विझवला.

"सडा जळून काळा झालाय हो सगळा," काका म्हणाले. "तुमच्या सायकलला बरं पण. खड्डे सगळे उघडे पडलेत."