तांझानियात मिशनवर येताय? मुसोमाहून थोडं सविस्तर

वसईहून इकडे यायला निघालेल्या सिस्टर्स आणि एकदोन तरुण मंडळी सारखं विचारतात, काय आणायचं, पाणी असतं का, एकटं वाटतं का, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. मी नर्स आहे, आमचा छोटा दवाखाना मुसोमापासून थोडा आत, व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूला आहे. जे लिहितेय ते ह्या एवढ्या टापूतलं, दार-एस-सलामला राहणार असाल तर ह्यातलं निम्मं लागू होणार नाही.

आधी कागदपत्रं. यलो फिव्हरची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टसोबतच ठेवा, सुट्टीवर भारतात उतरताना ते मागू शकतात आणि नसेल तर क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. मिशनरींना क्लास सी रेसिडेन्स परमिट लागतो, तो इथली धर्मप्रांताची मंडळी किंवा तुमची संस्था काढते, पण तुमच्या सर्टिफिकेटच्या अटेस्टेड कॉपी तुमच्याकडेच हव्यात, चारपाच सेट करून आणा. नर्सिंगवाल्यांनी एक पक्कं समजा, इथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलची नोंदणी झाल्याशिवाय पेशंटला हात लावता येत नाही, त्यामुळे भारतातल्या कौन्सिलची पत्रं निघण्याआधीच मिळवा, इथे बसून ती मागवणं म्हणजे महिनोन् महिने वाट बघणं.

मुंबईहून दार-एस-सलामला थेट विमान मिळतं, नाहीतर नैरोबी किंवा आदिस अबाबावरून. दारहून म्वान्झापर्यंत विमानाने या, बसने हजार किलोमीटरच्या वर अंतर आहे, पहिल्याच खेपेला अंग मोडून घेऊ नका. म्वान्झा ते मुसोमा मात्र बसच बरी. सुरुवातीला एकावर एक रचल्यासारखे प्रचंड मोठे ग्रॅनाइटचे दगड, मग बुंडाच्या अलीकडे रस्ता सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिमेच्या टोकाला अगदी चिकटून जातो, नशीब असेल तर खिडकीतून झेब्रे दिसतात. तिकीट काढताना वेळ दोनदा विचारा, इथे दिवस सकाळी सहाला सुरू धरतात, त्यामुळे सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक वाजलेला असतो आणि "तीन वाजताची बस" नऊला सुटते.

आता जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. आल्या आल्या कामाला जुंपून घेऊ नका. आपण येतो ते डोक्यात दवाखाना, शाळा, प्रोजेक्ट घेऊन, आणि वरिष्ठांनाही घाई असते कारण माणसं कमी आहेत, पण पहिले काही महिने फक्त स्वाहिली शिका आणि लोकांच्या अंगणात बसा. मुसोमाजवळ माकोकोला मिशनऱ्यांसाठीची जुनी भाषाशाळा आहे, मी तिथे शिकले, सकाळी व्याकरण आणि दुपारी बाजारात जाऊन बोलायचं. आपण वसईकर आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियांचं हौतात्म्य लहानपणापासून ऐकत आलो, नागासाकी, १५९७, क्रूस, भाले, सगळं पाठ असतं, पण ते जपानी उत्तम बोलायचे आणि फ्रान्सिस्कन मंडळींचे दुभाषे होते हे आपल्याकडे फार कमी वेळा सांगतात. लोकांची भाषा शिकायला त्यांनी किती वर्षं घातली असतील, मला वाटतं मिशनवर येणाऱ्याने ते आधी डोळ्यांपुढे ठेवावं.

भाषेसोबत रीतही येते. मोठ्या माणसाला "शिकामो", म्हणजे आदराचा नमस्कार, म्हटल्याशिवाय पुढचं बोलायचं नाही, मग घरचे कसे, मुलं कशी, रात्र कशी गेली, शेत कसं, हे सगळं होऊ द्यायचं. दवाखान्यात बाहेर रांग असते तरी पहिला मिनिट ह्या विचारपुशीलाच द्यायचा, त्या मिनिटात आजी सांगून टाकते की घरात अजून दोन मुलांना ताप आहे.

रोजच्या अडचणी म्हणाल तर पाणी आणि वीज. आमच्याकडे छपराचं पाणी मोठ्या टाकीत साठवतो, कोरड्या दिवसांत बादली मोजून वापरायची, प्यायचं उकळून गाळून. वीज प्रीपेड मिटरची, त्याला लुकू म्हणतात, मोबाइलवरून पैसे भरायचे, वीस आकडी नंबर येतो तो मिटरवर दाबायचा. लसींचा फ्रिज असेल तर युनिट संपू देऊ नका, मी शुक्रवारीच भरून ठेवते कारण शनिवार-रविवारी नेटवर्क गेलं की काहीच करता येत नाही. मोबाइल मनी शिकून घ्या, भाजीवालीपासून बोडाबोडा म्हणजे मोटरसायकलवाल्यापर्यंत सगळे घेतात. जेवणाची चिंता करू नका, उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, तो हातानेच खातात, सोबत बीन्स किंवा माठासारखी पालेभाजी, सरोवराचा सातो मासा तर फारच छान, आणि दागा म्हणजे आपली सुकटच समजा, कांदा-टोमॅटोवर परतली की मन भरून येतं. सरोवर कितीही छान दिसलं तरी काठाच्या उथळ पाण्यात उतरू नका, बिल्हार्झिया होतो, म्हणजे पाण्यातले जंत कातडीतून अंगात शिरतात.

मलेरियाचं नीट ऐका. मच्छरदाणी रोज, न चुकता, गादीखाली चारी बाजूंनी खोचून. वर्षानुवर्षं राहायचं तर प्रतिबंधक गोळ्या कायम घेणं जमत नाही, त्यामुळे ताप आला, अंग दुखलं की त्याच दिवशी टेस्ट, बोटाला टोचून एक थेंब, पंधरावीस मिनिटांत कळतं. गोळ्यांचा कोर्स तीन दिवसांचा, सहा डोस, पोटात काहीतरी स्निग्ध असताना घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी सोडायचा नाही. पाऊस सुरू झाला की आमचा व्हरांडा लहान मुलांनी भरतो. आई बोडाबोडावर मागे बसून येते, पाठीला खांगात म्हणजे सुती कापडात बांधलेलं मूल झटके देत असतं, आधी साखर बघायची, आर्टेसुनेटचं इंजेक्शन द्यायचं आणि मोठ्या हॉस्पिटलला पाठवायची गाडी शोधायची. बहुतेक मुलं वाचतात. जी वाचत नाहीत त्यांचं दुःख इथे येणाऱ्या प्रत्येक नर्सला सोसावं लागतं, त्याची तयारी आधी कोणी करून देत नाही. एक आई असं मूल घेऊन परत जाताना माझे हात धरून मलाच धीर देऊन गेली होती.

रविवारची मिस्सा दोनअडीच तास चालते, कधी जास्त, ढोल, क्वायर, बायकांचे उंच आवाजातले जल्लोष, अर्पणाच्या वेळी लोक नाचत मका, केळी, जिवंत कोंबडी घेऊन पुढे येतात. नंतर अंगणात त्याचा लिलाव होतो, कोणी कोंबडी विकत घेतो आणि परत देवळालाच देऊन टाकतो, मग ती पुन्हा लिलावाला. घाई ठेवून जाऊ नका. इथून जवळच बुटियामा, तांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे तिथले, धार्मिक कॅथलिक, त्यांना धन्य घोषित करायची प्रक्रिया २००५ साली सुरू झालीय, सवड काढून त्यांच्या कबरीवर जाऊन या.

आठवड्यातून एकदा जुमुइया, म्हणजे शेजारच्या दहापंधरा घरांची प्रार्थनासभा, आज ह्याच्या घरी उद्या त्याच्या. दमून आलात तरी चुकवू नका. माझे बाबा गेले तेव्हा वसईत दुसऱ्याच दिवशी दफन होतं, मी पोचणं शक्यच नव्हतं. फोन ठेवला आणि कोणी कोणाला सांगितलं देव जाणे, तासाभरात जुमुइयाच्या बायका चटया, लाकडं, मक्याचं पीठ, साखर घेऊन कॉन्व्हेंटच्या अंगणात हजर. चूल पेटवली, एकीने वही काढून कोणी किती दिले ते लिहून घेतलं, दागा वाळवून पोट भरणाऱ्या आजीनेही हजार शिलिंग दिले होते. बाबांचं नाव नीट विचारून घेतलं आणि त्यांच्यासाठी रात्रभर गात बसल्या, तिथेच चटयांवर झोपल्या. मी त्यांच्या मुलांना औषधं देत होते, पण त्या रात्री मला त्यांनी सांभाळलं, आणि तेव्हापासून मी इथली झाले. म्हणून सांगते, आलात की त्यांच्याकडूनही घ्या, चहा नाकारू नका, कोंबडी दिली तर कोंबडी घ्या, कोणाच्या घरी मयत झालं तर जाऊन जमिनीवर त्यांच्यासोबत बसा.

सामानाचं थोडक्यात: तीन चौकोनी पिनांचा प्लग लागतो, अडॅप्टर दोन आणा. हेडलँप, टिकाऊ सँडल, स्वतःचा बीपी मशीन आणि ऑक्सिमीटर, लांब बाह्यांचे सुती कपडे. प्लास्टिकच्या पिशव्या बॅगेत ठेवू नका, २०१९ पासून बंदी आहे. मार्च ते मे मोठा पाऊस असतो, आतले रस्ते चिखलात जातात, पहिल्यांदा येणाऱ्यांनी जूननंतरची तिकिटं काढावीत. आणि इथे आधीपासून असलेल्या वसईच्या सिस्टर्ससाठी बाटलीभर घरचा मसाला आणाच, तो इथे कुठेच मिळत नाही.