मोटारीच्या पोटातलं सिलिकॉन

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत मी २२ वर्षं विजेच्या मोटारी भरतोय, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तांब्याची तार गुंडाळतोय. टॉवेलच्या मागाची मोटार जळून आली की आधी वास येतो. उघडली की वार्निश काळं, स्लीव्ह म्हणजे तारांवरची नळी तडकलेली. तांबं सहसा शाबूत असतं, आधी जातं ते इन्सुलेशन, म्हणजे तारांवरचं वीजरोधक आवरण.

परवा पुतण्यानं हायब्रिड गाडीच्या विजेच्या मोटारीचा जुना स्टेटर, म्हणजे तारा गुंडाळलेला न फिरणारा भाग, दाखवायला आणला. बाहेर आलेल्या वायरींवर सिलिकॉन रबर होतं. बोटानं वाकवलं, अजून मऊ! इंजिनाला चिकटून, सतत थरथरत, शेकडो व्होल्ट झेलूनसुद्धा. या रबराचा कणा कार्बनचा नसतो, सिलिकॉन हे मूलद्रव्य आणि ऑक्सिजन यांच्या साखळीचा असतो. ती उष्णतेनं लवकर तुटत नाही. इन्सुलेशन किती उष्णता सोसतं यावरून त्याचे क्लास ठरतात: एफ क्लासची मर्यादा १५५ अंश सेल्सिअस, एचची १८०. सिलिकॉन एचमध्ये आरामात बसतं.

बॅटरीची वीज मोटारीसाठी बदलून देणाऱ्या इन्व्हर्टरमध्ये तर चिपवर याच सिलिकॉनची जेलीच ओततात. तापून सगळं फुगलं तरी चिपच्या बारीक तारांवर फारसा ताण येत नाही. हे मला फार आवडलं. मात्र साधं सिलिकॉन तेलात फुगतं, म्हणून तेलानं थंड होणाऱ्या मोटारीत ते जपून निवडावं लागतं.

मे महिन्यात आमच्या शेडमध्येच पारा ४२ वर जातो. मागाच्या मोटारींनाही आता मी सिलिकॉन स्लीव्हच घालतो, महाग पडली तरी.