संग्रहालयाचे ट्रस्टी करतात तरी काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. खरं तर हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, बँकेत, एसटीच्या थांब्यावर, कुठेही विचारला जातो. 'तुम्ही त्या वस्तुसंग्रहालयाच्या ट्रस्टी ना? मग तिथे करता काय?' विचारण्यात जरा संशय असतो. ट्रस्टी म्हटलं की लोकांना देवस्थान आठवतं आणि दानपेटीही. आम्हाला पगार नाही, भत्ता नाही, बैठकीचा चहासुद्धा वर्गणीतून होतो, हे सांगितलं की संशय आणखी वाढतो. फुकट कोण कशाला राबेल?

आमचं संग्रहालय खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. जुन्या वाड्यातल्या चार खोल्या आणि एक पडवी, एवढाच पसारा. वस्तूंची झाडपूस, मांडणी, आलेल्यांना माहिती सांगणं हे सगळं आमचा अभिरक्षक करतो. आम्ही ट्रस्टी मुख्यतः एकच काम करतो. नाही म्हणतो.

सगळ्यात जास्त वेळा नाही म्हणावं लागतं ते देणगीला. जातं, घंगाळ, पाटा-वरवंटा घेऊन लोक प्रेमाने येतात. घर पाडून स्लॅबचं बांधायचं असतं आणि आजीच्या वस्तू टाकवत नाहीत. पण पडवीत जाती आधीच इतकी झालीत की पाय ठेवायला जागा नाही. घेतलेली वस्तू कायमची सांभाळावी लागते, आणि सांभाळायला जागा, माणूस, पैसा लागतो, हे समोरच्याला पटवणं अवघड. एकदा एक गृहस्थ 'हाई आमना आजानी तलवार शे' म्हणत तलवार घेऊन आले. अट अशी, की आजोबांच्या नावाची वेगळी खोली हवी. चार खोल्यांतली एक!

दुसरा प्रकार चरख्यांचा. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन फैजपूरला झालं, खेड्यात भरलेलं पहिलंच. अध्यक्ष नेहरू होते, सजावट नंदलाल बोस यांची होती. आमच्या भागाला त्याचा अभिमान आहे आणि असायलाच हवा. पण त्यामुळे जळगाव जिल्ह्यातला प्रत्येक जुना चरखा फैजपूरचाच ठरतो. आम्ही विचारतो, एखादा फोटो, पत्र, पावती, काही आहे का? नसलं तर आम्ही त्याची नोंद नुसता 'चरखा' अशीच करणार म्हटल्यावर देणारे रागावतात. एक जण तर चरखा उचलून परत घेऊन गेले.

शेतात नांगरताना मूर्ती निघाली, ती घेता का, असंही विचारतात. तापीच्या काठाला हे नवं नाही. तापीकाठच्या प्रकाशा या गावी १९५४-५५ साली उत्खनन झालं तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनचे थर सापडले होते. पण इथे नकार आमच्या मर्जीवर नाही. जमिनीत सापडलेल्या धनाविषयीचा कायदा १८७८ सालचा आहे. १० रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर आधी कलेक्टरला कळवायचं. शिवाय १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुनी मूर्ती नोंदवावी लागते. हस्तलिखित तर ७५ वर्षांचं झालं की पुरावस्तू धरलं जातं. रात्री पोत्यात घालून आणलेली मूर्ती आम्ही ठेवून घेतली, तर चोरीच्या मालाला कपाट दिल्यासारखं होईल.

मग येतात उसनं मागणारे. जयंतीच्या मिरवणुकीला दांडपट्टा हवा, शाळेच्या स्नेहसंमेलनाला पैठणी हवी, एका पुढाऱ्याला सत्कारात हातात धरायला ढाल हवी होती. 'दोन तासांत परत देतो' असं सगळेच म्हणतात. अशा वेळी अभिरक्षक बिचारा अडचणीत सापडतो, कारण त्याला याच गावात राहायचं असतं. म्हणून त्याने आमच्याकडे बोट दाखवायचं असं ठरलेलं आहे. वाईटपणा घेणं हे ट्रस्टीचं काम, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याला गावात सगळ्यांशी गोड राहायचं आहे त्याने या भानगडीत पडू नये. स्वतः जुनी नाणी जमवणाऱ्यानेही पडू नये. चांगलं नाणं दारात आलं तर ते कुणाच्या कपाटात जाईल, हा प्रश्न निघायलाच नको.

आम्हाला लागू असलेला सार्वजनिक विश्वस्त कायदा १९५०चा. त्याप्रमाणे दर वर्षी हिशेब तपासून घ्यायचा, ट्रस्टी बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा. वाडा विकायचा झाला तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. गंमत म्हणजे हे कलम स्थावर मालमत्तेपुरतं आहे. कपाटातल्या वस्तूंना ते लागत नाही. पत्रे गळायला लागले, बँकेतल्या ठेवींवरचं व्याज आटलं, की कुणीतरी हळूच म्हणतं, त्या दोन तलवारी काढून टाकल्या तर? तेव्हा आडवं पडायला आम्हीच. ब्रिटिश म्युझियमच्या ट्रस्टींना १९६३च्या कायद्याने, थोडे अपवाद सोडले तर, वस्तू विकायला बंदीच केली आहे. त्यांचं बरं आहे, कायदाच नाही म्हणतो.

हे सगळं कशासाठी, ते धुळ्यात जाऊन बघा. इतिहासाचार्य राजवाडे आयुष्यभर जुन्या कागदपत्रांची दप्तरं शोधत गावोगाव हिंडले आणि ३१ डिसेंबर १९२६ला धुळ्यात वारले. मागे संसार नव्हता. होते ते कागद. त्यांच्या मागे लगेच, १९२७ साली, धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ काढलं. त्याच गावात शंकर श्रीकृष्ण देव या वकिलाने समर्थ संप्रदायाच्या मठामठांतून हस्तलिखितं जमवली. समर्थांच्या हस्ताक्षरातलं मानलं जाणारं वाल्मीकी रामायण तिथे वाग्देवता मंदिर या हस्तलिखितांच्या संग्रहात आहे. गोळा करणाऱ्यांची नावं आपण घेतो. पण ते गेल्यावर कुलपाची किल्ली ज्यांनी सांभाळली, उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांत कडक होणारे आणि पावसाळ्यात दमट होणारे कागद ज्यांनी वर्षानुवर्षं जपले, त्यांची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत.

आम्ही हो कधी म्हणतो, तेही सांगते. मागे एक बाई जुन्या पत्र्याच्या पेटीतून सासऱ्यांच्या कापसाच्या अडतीतल्या वह्या घेऊन आल्या. रोजकीर्दी, खतावण्या, लाल कापडी पुठ्ठ्याच्या लांबोळ्या चोपड्या, काही पानं मोडी लिपीत. रद्दीवाल्याने भाव केला होता, पण वाटेत आमची पाटी दिसली म्हणून विचारायला आल्या, एवढंच. मला तर त्या तलवारीपेक्षा मोलाच्या वाटल्या. कुठल्या गावचा शेतकरी कोणत्या महिन्यात उचल घेत होता, कापसाला भाव काय मिळाला, व्याज किती लागलं, ते सगळं त्यात होतं.

बैठकीत मात्र वादावादी झाली. त्यात उधारी राहिलेल्यांची नावं आहेत आणि त्यांची नातवंडं याच गावात राहतात. दोघे ट्रस्टी अडून बसले, आणि त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. शेवटी ठरलं की वह्या घ्यायच्या, पण प्रदर्शनात मांडायच्या नाहीत. अभ्यासकाने लेखी अर्ज करावा आणि नावं छापणार नाही असं लिहून द्यावं.

बाईंना हे कळवलं तर त्यांना मुळीच वाईट वाटलं नाही. पण पावती लगेच हवी होती. पावती लगेच दिली नाही. आधी त्यांचे दोन्ही मुलगे आणि नाशिकची नणंद यांच्या सह्या आणायला सांगितल्या. सगळे वारस मान्य असल्याशिवाय दानपत्र होत नाही. नणंदबाई दिवाळीला आल्या, तेव्हा झालं.