टेस्टोस्टेरॉनसाठी डॉक्टर कुठला गाठायचा?

जिममधला ट्रेनर इंजेक्शन टोचायला एका पायावर तयार असतो, पण नको राव, सरळ एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोन्सचा डॉक्टर) नाहीतर अँड्रॉलॉजी, म्हणजे पुरुषांच्या प्रजननाचे प्रश्न, बघणारा युरॉलॉजिस्ट गाठा. मग बघा, तो सकाळी 10 च्या आत, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी टेस्ट करायला सांगतो का, एलएच (अंडकोषांना टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगणारं हार्मोन) बघतो का, आणि मुख्य म्हणजे मूल हवंय का हे विचारतो का? कारण बाहेरून हार्मोन घेतलं की शुक्राणू घटतात, कधी पार शून्यावर येतात, आणि लग्न ठरलेल्या पोराला हे कुणी सांगतच नाही (घरी तर विषय काढायचीही सोय नाही). एका क्लिनिकात मला संध्याकाळच्या एकाच रिपोर्टवर डायरेक्ट पॅकेज दाखवलं, मी फाईल उचलली नि निघालो. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) 54 टक्क्यांवर गेलं की डोस थांबवावा लागतो, ते तिथे कोण बघणार होतं?