शिट्टी गेली! तीन रविवार खाल्ले एका फ्यूजने

काल रात्री साडेदहा. स्विफ्ट पार्किंगमध्ये न्यूट्रलवर, पुतण्या ॲक्सिलरेटरवर, मी डिकीत डोकं घालून. मी स्वतः बसवत असलेल्या साउंड सिस्टिमचे स्पीकर गप्प, शिट्टी नाही. "अरे, दाब ना!" "काका, दाबलाय की, तीन हजारवर आहे काटा!" आनंदाने अंगावर काटा आला.

मागच्या वेळी लिहिताना सब (सबवूफर, बासचा मोठा स्पीकर) वाजायला लागला तिथे थांबलो होतो. २+२ ओहमच्या दोन्ही कॉइल सिरीजमध्ये, म्हणजे ४ ओहम, ॲम्पचे (ॲम्प्लिफायरचे) मागचे दोन चॅनेल ब्रिज करून, म्हणजे जोडून एक करून. पॅरलल कर, जास्त वॉट मिळतील, असं काहींनी सुचवलं होतं. पण पॅरललमध्ये १ ओहम होतो आणि ब्रिजवर या ॲम्पला किमान ४ लागतात. विषय संपला. बास झकास, फक्त दारातल्या स्पीकरमधून इंजिनाबरोबर चढणारी बारीक शिट्टी यायची. अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरची.

पहिला संशय ग्राउंडवर, म्हणजे ॲम्पची निगेटिव्ह तार गाडीच्या पत्र्याला जोडतात त्या जागेवर, कारण बोल्टखालचा रंग मी नीट खरवडला नव्हता. जागा बदलली, पत्रा चकाकेपर्यंत घासला, तांब्याचा लग, दातेरी वॉशर, सगळं आवळून बसवलं. शिट्टी दुप्पट! ग्राउंड सुधारल्यावर आवाज वाढतोच कसा, हे काही केल्या कळेना.

मग आरसीए केबल (स्टिरिओकडून ॲम्पला आवाजाचा सिग्नल नेणारी) पॉवर केबलपासून लांब, गाडीच्या दुसऱ्या बाजूने नेली. फरक शून्य. आरसीएच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे असा आवाज अडवणारी डबी, लावला. शिट्टी दबली, पण सबचा दमही गेला. त्यातले चिमुकले ट्रान्सफॉर्मर खालच्या फ्रिक्वेन्सीला टिकत नाहीत. माझं स्पष्ट मत: आयसोलेटर आजार झाकतो, बरा करत नाही.

याच खटपटीत पॉवर केबलची एक तार ब्लेडने खरवडली, तर आतून पांढरी! "शुद्ध तांबं" सांगून ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल विकली होती. फार राग आला. आता तपकीर गल्लीतून २५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वेल्डिंग केबल आणली, समोर कापून, खरवडून बघून. मऊ आहे, वळते छान. या केबलचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर. शिट्टी मात्र तशीच.

शेवटी ॲम्पमधून आरसीए उपटल्या. शांतता. म्हणजे घाण पुढून, हेड युनिटकडून (डॅशबोर्डमधल्या स्टिरिओकडून) येतेय. स्टिरिओ बाहेर काढला आणि मीटर बीपवर ठेवून एक टोक आरसीएच्या बाहेरच्या रिंगला, दुसरं स्टिरिओच्या पत्र्याला लावलं. बीप यायला हवा होता. नाही आला. आरसीएची रिंग आणि पत्रा यांना आतून जोडणारा पिको फ्यूज, म्हणजे अगदी चिमुकला फ्यूज, उडालेला.

आणि मग सगळं जुळलं. ग्राउंडची जागा बदलताना मी स्टिरिओ चालू ठेवला होता. ग्राउंड सुटताच ॲम्पचा करंट आरसीएच्या शील्डमधून (बाहेरच्या जाळीतून) परत गेला आणि तो इवलासा फ्यूज जळाला. म्हणूनच शिट्टी त्या दिवशी वाढली. मित्रांनो, ग्राउंडला हात लावण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा, काढाच.

तूर्त बारीक तार आरसीएच्या रिंगला गुंडाळून स्टिरिओच्या मागच्या स्क्रूखाली दाबली आहे. फ्यूज तांदळाच्या दाण्याहून लहान, तो बदलायला माझ्याकडे तेवढी बारीक टोकाची सोल्डर गन नाही.

लगेच ॲम्पचा गेनही (सिग्नल किती वाढवायचा ते) नव्याने लावला, स्पीकरच्या तारा काढून, मीटर एसी व्होल्टवर. दारांना ७५ वॉट ४ ओहमवर, म्हणजे १७.३ व्होल्ट, १ किलोहर्ट्झचा टोन. सबला २०० वॉट, म्हणजे २८.३, ५० हर्ट्झवर. क्रॉसओव्हर दोन्हीकडे ८० हर्ट्झ, म्हणजे त्याखालचा आवाज सबला, वरचा दारांना.

पुढच्या महिन्यात नवं हेड युनिट घ्यायचं ठरवलं होतं. ते रद्द, त्या पैशांत दारांना ब्युटिल शीट (पत्र्याची थरथर दाबणारी रबरी शीट). की आधी मागच्या दारांचे स्पीकर काढून टाकू? पुढचा आवाज ते मागे ओढतात असं सारखं वाटतंय. थांबा, हे लिहिताना आठवलं, सबची पोलॅरिटी उलटी करून, म्हणजे त्याच्या प्लस-मायनस तारा अदलाबदल करून, ऐकलंच नाहीये. ८० हर्ट्झच्या आसपास थोडं पोकळ वाटतं ते कदाचित त्यामुळेच. दोन तारांचं तर काम आहे. खाली जाऊन येतो.