आईचा अंगठा आणि मागची खोली

भाडेकरार हल्ली घरबसल्या नोंदवता येतो. आमची मागची खोली भाड्याने द्यायची होती, म्हणून एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन आला. माझा अंगठा पहिल्या फटक्यात लागला, आईचा काही केल्या लागेना. "आजी, जरा दाबून," तो म्हणाला. "अरे, रेषाच झिजल्यात," आई म्हणाली. अंगठा ओल्या फडक्याने पुसला, फॅन बंद केला, तेव्हा कुठे पाचव्या खेपेला हिरवा दिवा लागला. तेवढ्यात त्याने भाडं, डिपॉझिट, मुदत सगळं विचारून घेतलं. खोली मंजूर नकाशात आहे का, एवढं मात्र विचारलं नाही.

नाहीये. पुण्यात सहकारनगरातल्या आमच्या बंगल्याला ही खोली बाबांनी १९९४ साली चिकटवली. "बांधून टाका काका, कोण बघतंय," असं ठेकेदार म्हणाला होता म्हणे. आधी पत्रा होता, मग स्लॅब पडला, मग स्वयंपाकाचा ओटा, संडास आणि बाहेरून दार. आता एमपीएससी करणाऱ्या दोन मुलींना ती द्यायचं ठरलं होतं.

बँकेत जन्म काढला तरी माझा समज असा, की करार नोंदवला म्हणजे सगळं कायदेशीर झालं. करार नोंदवायलाच हवा, यात वाद नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ ती जबाबदारी घरमालकावर टाकतं. चुकलात तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. पण तो कागद मालक आणि भाडेकरू यांच्यातला. भिंत अधिकृत आहे का, हे बघतो १९६६ चा नगररचना कायदा, आणि पाडायची नोटीस येते ती त्याच्या कलम ५३ खाली.

"पण घरपट्टी भरतोय की आपण त्या खोलीची!" असं भाऊ फोनवर म्हणाला. घरपट्टीच्या पावतीने बांधकाम नियमित होत नाही. उलट बेकायदा बांधकामावर कराच्या दुपटीपर्यंत शास्ती, म्हणजे दंड, लागू शकते आणि ती भरूनही खोली बेकायदाच राहते. पिंपरी-चिंचवडकरांनी हे भोगलंय, त्यांना वेगळं सांगायला नको.

ओळखीच्या आर्किटेक्टला बोलावलं. बाबांच्या कपाटातला निळा नकाशा त्याने डायनिंग टेबलावर पसरला. घड्यांवर इतका विरलेला की चार कोपऱ्यांना चार वाट्या ठेवाव्या लागल्या. मग बाहेर जाऊन टेप लावली. एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं तो हिशेब, शिल्लक होता, पण खोली जवळजवळ सगळी साइड मार्जिनमध्ये, म्हणजे बाजूला मोकळी सोडायच्या जागेत. मला वाटलं, झालं एवढंच. तर तो ओट्यावर टिचकी मारून म्हणाला, "ताई, खोली नकाशात असती तरी हा ओटा नडला असता. वेगळं दार आणि स्वयंपाकाची सोय असली की बांधकाम नियमावलीच्या हिशेबाने ती वेगळी सदनिका. तिची परवानगी वेगळी काढावी लागते."

म्हणजे ज्या ओट्यामुळे चांगलं भाडं येणार होतं, तोच आडवा आला.

मुलींना आता वरची खोली देतोय, ती नकाशात आहे. स्वयंपाक आमच्याच गॅसवर. आईला आवडलंय, बोलायला माणसं मिळतील. मागच्या खोलीत तूर्त लोणच्याच्या बरण्या आणि बाबांची सायकल. मार्जिनमधला भाग कधीतरी पाडावा लागेल, हे आईला अजून सांगितलेलं नाही.

जागा बदलली म्हणून करार नव्याने करायचाय. एजंट रविवारी येतोय. आई रोज रात्री अंगठ्याला तूप चोळतेय.